घटना म्हणायचे कशाला?

समजा, दहा लाख गरोदर स्त्रियांना एकाच दिवशी सुई टोचली. सुईत औषध काहीच नव्हते, नुसते सलाइनचे पाणी होते. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांच्यापैकी किती जणींचा गर्भपात होईल? २००९ मध्ये एच१एन१ फ्लूची जागतिक साथ आली आणि मोठ्या प्रमाणावर लसीकरण करायची वेळ आली, तेव्हा स्टीव्हन ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गणित ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. लसीचा काडीचाही दोष नसला, तरी लस घेतल्यापासून एका दिवसाच्या आत दर दहा लाखांमागे सुमारे ३९७ गर्भपात होतील, असा त्यांचा हिशोब होता. गर्भपात ही गोष्टच इतकी सर्रास घडणारी आहे. दिवस राहिल्याचे कळलेल्या दर शंभर गर्भारपणांपैकी दहा ते पंधरा, कधी त्याहूनही जास्त, आपोआप संपतात.

या ३९७ जणींपैकी प्रत्येकीचे दुःख खरे असेल. काल सुई घेतली, आज अंगावरून जायला लागले, एवढेच तिला आणि तिच्या घरच्यांना दिसेल. त्यांच्या मनात संशय आला तर त्यात त्यांची काही चूक नाही. पण याच गणिताची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. एखाद्या लसीने खरोखरच गर्भपात वाढत असतील आणि ३९७ चे ४५० होत असतील, तर वरच्या त्रेपन्न घटना कोणत्याही एका डॉक्टरच्या नजरेला दिसणार नाहीत. त्या बाकीच्या ३९७ मध्ये मिसळून जातील. निष्पाप लसीवर आळ येणे आणि सदोष लस निसटून जाणे, हे दोन्ही धोके टाळायचा मार्ग एकच: नीट मोजायचे आणि तुलना करायची. मोजायचे, तर काय मोजायचे हे आधी ठरले पाहिजे. गर्भपात कशाला म्हणायचे? उपजत मृत्यू कशाला? अपुऱ्या दिवसांचे बाळ कोणते? ही ठरवाठरवी वरवर कागदी वाटते. प्रत्यक्षात गरोदर स्त्रीच्या सुरक्षिततेची सुरुवात तिथूनच होते.

भीतीचा इतिहास

गर्भावर बाहेरच्या गोष्टींचा परिणाम होतो, हे विसाव्या शतकात वैद्यकाला दोनदा फार मोठी किंमत मोजून कळले. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञाकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळे एकामागून एक येऊ लागली. त्यांच्या आयांना गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, होऊन गेल्याचे त्यांच्या लक्षात आले. दुसरा धडा थॅलिडोमाइडचा. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेले हे औषध मळमळ आणि निद्रानाशावर गरोदर स्त्रिया निर्धास्तपणे घेत होत्या. हातपाय नसलेली किंवा अर्धवट वाढलेली बाळे जन्मू लागली, जर्मनीत विडुकिंड लेंत्स आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड यांनी धोक्याची सूचना दिली, आणि १९६१ च्या अखेरीस ते जर्मनीच्या बाजारातून मागे घेतले गेले. तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक मुलांचे नुकसान झाले असावे, असा अंदाज आहे.

थॅलिडोमाइड गरोदर स्त्रियांमध्ये नीट तपासलेच गेले नव्हते. तेव्हा यापुढे असे औषध काटेकोरपणे तपासायचे, हा धडा घेता आला असता. व्यवस्थेने घेतलेला धडा वेगळा होता: गरोदर स्त्रीला संशोधनातच घ्यायचे नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७७ मध्ये मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांनाही औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची मार्गदर्शक सूचना काढली. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा झाला की गरोदर स्त्रियांबद्दलची माहितीच तयार होईना.

माहितीअभावी नुसती भीती उरते. रुबेलाच्या लसीचे उदाहरण घ्या. ती जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची लस आहे, म्हणून गरोदरपणात देत नाहीत. पण दिवस राहिल्याचे ठाऊक नसताना अनेक जणींनी ती घेतली होती. अमेरिकेत १९७१ ते १९८९ या काळात अशा स्त्रियांची स्वतंत्र नोंदवही ठेवली गेली. रुबेलाविरुद्ध प्रतिकारशक्ती नसलेल्या आणि गर्भधारणेच्या आसपास लस घेतलेल्या तीनशेहून अधिक स्त्रियांच्या बाळांपैकी एकातही जन्मजात रुबेलाचा आजार आढळला नाही. काळजी म्हणून लस टाळण्याचा नियम कायम राहिला. चुकून लस घेतलेल्या बाईला मात्र डॉक्टर आता आधाराने सांगू शकत होते की केवळ एवढ्यासाठी गर्भ पाडायचे कारण नाही. कोणता आजार शोधायचा आणि तो कसा ओळखायचा हे आधी ठरले होते, म्हणूनच ही नोंदवही कामाला आली.

दुसरीकडे धनुर्वाताची लस कित्येक दशके गरोदर स्त्रियांना दिली जात आहे. आपल्याकडे खेड्यापाड्यांतल्या बायकांना ‘धनुर्वाताची सुई’ हा गरोदरपणाचाच एक भाग वाटतो. नाळ कापताना होणाऱ्या संसर्गाने नवजात बाळे दगावण्याचे प्रमाण या लसीने आणि सुरक्षित बाळंतपणाने इतके घटले, की २०१५ मध्ये माता व नवजात बालकांमधील धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. म्हणजे गरोदरपणातली लस ही काही नवी कल्पना नाही. आता फ्लू, डांग्या खोकला, कोविड आणि आरएसव्ही या विषाणूवरच्या लसी त्या यादीत आल्या आहेत आणि प्रत्येकीला सुरक्षिततेच्या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते आहे.

एक मृत्यू, तीन नावे

बावीस आठवडे पूर्ण झालेल्या एका स्त्रीच्या पोटातल्या बाळाची हालचाल थांबली. सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसले नाहीत. ही घटना अमेरिकेत घडली, तर ती उपजत मृत्यू म्हणून मोजली जाते, कारण तिथली रेषा साधारणपणे २० आठवड्यांवर आहे. ब्रिटनमध्ये रेषा २४ आठवड्यांवर आहे, त्यामुळे तिथे हाच गर्भपात ठरतो. जागतिक आरोग्य संघटना देशादेशांची तुलना करताना २८ आठवड्यांची रेषा वापरते, आणि त्या आकडेवारीत ही घटना येतच नाही.

आता एका लसीची चाचणी तीन देशांत चालली आहे आणि प्रत्येक रुग्णालय आपापल्या सवयीने नोंद करते आहे, असे समजा. एका देशात उपजत मृत्यू जास्त दिसतील, दुसऱ्यात गर्भपात जास्त दिसतील, आणि यातला किती फरक लसीचा आणि किती नोंदीचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. पुढे कुणी दहा अभ्यास एकत्र करून निष्कर्ष काढायला बसला, तर दहा वेगवेगळ्या गोष्टींची बेरीज होईल.

जन्माच्या क्षणी ही रेषा आणखी नाजूक होते. बाळ जन्मल्यावर श्वास, हृदयाचा ठोका, नाळेतली धडधड किंवा स्नायूंची स्वतःहून झालेली हालचाल यांपैकी एकही खूण दिसली, तर तो जिवंत जन्म मानतात. नंतर ते बाळ दगावले तर तो नवजात मृत्यू. एकही खूण नसेल तर उपजत मृत्यू. घरी झालेल्या बाळंतपणात बाळ रडले नाही की ‘मेलेलेच जन्मले’ असे सांगितले जाते. छातीला स्टेथोस्कोप लावून पाहिलेला नसतो. मंद ठोके चालू होते का, हे मग कायमचे अज्ञात राहते. म्हणून चांगल्या व्याख्येत आणखी एक प्रश्न असावा लागतो: बाळात जीव नव्हता हे कोणी पाहिले, कशाने पाहिले आणि केव्हा?

‘गंभीर घटना’ या वर्गाचेही तसेच. औषधांच्या चाचण्यांत मृत्यू, जिवावर बेतणारी अवस्था, रुग्णालयात दाखल होणे, कायमचे अपंगत्व आणि जन्मजात व्यंग यांना गंभीर घटना मानतात. पण गरोदर स्त्री बाळंतपणासाठी रुग्णालयात दाखल होणारच. नियम जसाच्या तसा लावला तर प्रत्येक सुखरूप बाळंतपण गंभीर घटना ठरेल. त्यामुळे बाळंतपणासाठीचे नेहमीचे दाखल होणे यात धरायचे नाही, हे चाचणीच्या आराखड्यात आधीच लिहून ठेवावे लागते.

दिवस मोजण्याचा प्रश्न

या सगळ्या व्याख्या गर्भाच्या वयावर उभ्या आहेत. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेले बाळंतपण मुदतपूर्व. पण ३७ आठवडे झाले की नाही, हे ठरवायचे कशावरून?

जुनी पद्धत शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजण्याची. तीत पाळी २८ दिवसांची आहे आणि बीज चौदाव्या दिवशी सुटले आहे, असे गृहीत धरलेले असते. कित्येक जणींची पाळी ३५ दिवसांनी येते, काहींची अनियमित असते. अंगावर पाजत असताना पाळी न येताच पुन्हा दिवस राहतात. तारीख लक्षात नसते. ‘गणपतीत आली होती, विसर्जनाच्या आधी’, एवढेच आठवते. गणेशोत्सव दहा दिवसांचा आणि हिशोबातली एक चूक आठवड्याची असेल, तर ३६ आठवडे ४ दिवस आणि ३७ आठवडे ४ दिवस यांत फरक करता येत नाही. यातले एक बाळ मुदतपूर्व आहे, दुसरे पूर्ण दिवसांचे.

पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी याबाबत सर्वात भरवशाची. त्या काळात सगळे गर्भ जवळजवळ एकाच गतीने वाढतात. डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये मोजली की वय पाच ते सात दिवसांच्या चुकीने सांगता येते. तिसऱ्या तिमाहीपर्यंत प्रत्येक बाळाची वाढ वेगळी झालेली असते. कोणी आईसारखे लहानखुरे, कोणी गुटगुटीत, कोणी कुपोषणाने खुरटलेले. तेव्हा केलेल्या सोनोग्राफीत तीन ते चार आठवड्यांची चूक राहू शकते. खुरटलेले पण पूर्ण दिवसांचे बाळ तिथे ‘कमी दिवसांचे’ ठरू शकते. वजनावरून अंदाज बांधला तर हा घोटाळा वाढतो. अडीच किलोपेक्षा कमी वजन ही एक घटना, ३७ आठवड्यांच्या आत जन्म ही दुसरी आणि आपल्या वयाच्या मानाने लहान असणे ही तिसरी. एकाच बाळात तिन्ही असू शकतात किंवा एखादीच. तिघींची कारणे आणि पुढचे परिणाम वेगळे असतात, म्हणून त्यांची नोंदही वेगळी व्हायला हवी.

खात्रीच्या पायऱ्या

हा गोंधळ निस्तरण्याचे मोठे काम ‘गाया’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने केले. गरोदरपणातल्या लसीकरणाच्या सुरक्षिततेचे मूल्यमापन जगभर एका पद्धतीने व्हावे, हा त्याचा हेतू. जागतिक आरोग्य संघटनेने गरज मांडल्यावर २०१५ मध्ये बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनच्या निधीतून तो सुरू झाला. त्याला आधार मिळाला ब्रायटन कोलॅबोरेशनचा. हा लसींच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या तज्ज्ञांचा गट २००० सालापासून प्रतिकूल घटनांच्या व्याख्या तयार करत होता. प्रसूतितज्ज्ञ, नवजात बालकांचे तज्ज्ञ आणि साथरोगतज्ज्ञ एकत्र बसले. २०१६ मध्ये पहिल्या दहा व्याख्या ‘व्हॅक्सिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या: मातामृत्यू, गरोदरपणातला उच्च रक्तदाब, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, मुदतपूर्व जन्म, उपजत मृत्यू, नवजात मृत्यू, जन्मजात व्यंगे वगैरे. पुढच्या वर्षी गर्भपात, गरोदरपणातला मधुमेह, गर्भाची खुंटलेली वाढ, कमी वजन, लहान डोके अशा आणखी अकरांची भर पडली.

या व्याख्यांचे मर्म त्यांच्या पायऱ्यांत आहे. एकाच घटनेला खात्रीच्या साधारण तीन पायऱ्या दिलेल्या असतात. पहिली पायरी म्हणजे पुरावा सर्वात भक्कम. मुदतपूर्व जन्माच्या बाबतीत पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीने वय ठरलेले असेल, तर ती पहिली पायरी. तारीख पक्की आठवते आणि तिला नंतरच्या तपासणीचा आधार आहे, ही त्याखालची. उशिराची सोनोग्राफी, पोटाच्या उंचीचा टेपने घेतलेला अंदाज किंवा जन्मलेल्या बाळाची शारीरिक तपासणी एवढाच आधार असेल, तर सर्वात खालची. त्याखेरीज दोन वर्ग उरतात: घटनेची तक्रार आहे पण पुरावा अपुरा आहे, आणि ही ती घटनाच नव्हे.

पायरी सांगते पुराव्याची खात्री; आजार किती तीव्र होता, हे ती सांगत नाही. पहाटे आदिवासी पाड्यावर दगावलेले बाळ आणि महानगरातल्या अतिदक्षता विभागात दगावलेले बाळ यांत मृत्यू सारखाच असतो. फरक असतो तो उपलब्ध पुराव्यात. सर्वात कडक व्याख्या लावली असती तर पाड्यावरच्या बाळाची नोंद ‘पुरावा नाही’ म्हणून बाजूला पडली असती, आणि लसींच्या सुरक्षिततेचे सगळे ज्ञान सोनोग्राफी मशीन असलेल्या श्रीमंत देशांपुरते राहिले असते. व्याख्या म्हणजे चाळणी मानली, तर बारीक भोकांच्या चाळणीत खरी घटनाही अडून राहते आणि मोठ्या भोकांतून भलतेच खाली पडते. गायाच्या व्याख्यांनी एकाच घटनेला तीन चाळण्या दिल्या आणि कोणती वापरली ते लिहून ठेवायला सांगितले. मग अभ्यासक हिशोब दोनदा करू शकतो, एकदा फक्त पक्क्या नोंदींवर, एकदा सगळ्या धरून. दोन्ही उत्तरे एकाच दिशेने गेली तर निष्कर्षावर विश्वास वाढतो.

व्याख्येत लसीचे नाव नको

ब्रायटनच्या परंपरेत एक शिस्त कसोशीने पाळली जाते. घटनेच्या व्याख्येत लस किती दिवसांपूर्वी दिली होती, याचा उल्लेख नसतो. उपजत मृत्यू झाला की नाही, हे फक्त उपजत मृत्यूच्या खुणांवरून ठरवायचे. लसीशी संबंध आहे का, हा पुढचा आणि स्वतंत्र प्रश्न.

यामागचे कारण सोपे आहे. ‘लसीनंतर सात दिवसांत झालेला गर्भपात’ अशी व्याख्या केली, तर आठव्या दिवसापासूनचे गर्भपात मोजलेच जाणार नाहीत. मग सात दिवसांत जास्त होतात का, हे कशाशी ताडून पाहणार? शिवाय लस न घेतलेल्या स्त्रीला ही व्याख्या लागूच होत नाही, म्हणजे तुलनाच बंद. याच कारणाने नोंदी तपासून घटनेची पायरी ठरवणाऱ्या डॉक्टरांना कोणी लस घेतली आणि कोणी नाही, हे कळू देत नाहीत. मनात संशय असेल तर धूसर सोनोग्राफीही हवी तशी वाचली जाते. हे अप्रामाणिकपणाने होते असे नाही. माणसाची नजरच तशी आहे.

काळाचा विचार संबंध तपासताना करायचा, आणि तेव्हा मात्र बारकाईने करायचा. गर्भाच्या मज्जानलिकेची पन्हळ गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. ती न मिटल्याने पाठीच्या कण्याचे व्यंग राहते. सहाव्या महिन्यात घेतलेल्या लसीवर त्याचा आरोप ठेवता येणार नाही, कारण ते त्याआधी कितीतरी महिने घडून गेलेले असते. उलट दिवस राहिल्याचे कळण्याआधी घेतलेल्या औषधाचा विचार तिथे करावा लागतो. सगळी ‘जन्मजात व्यंगे’ एका गठ्ठ्यात टाकून मोजली तर हा फरक पुसला जातो.

छेदात कोण आहे?

व्याख्या चोख असली तरी अपूर्णांकाच्या छेदात कोणाला बसवले, यावर सगळे फिरू शकते. २०२१ मध्ये हे साऱ्या जगाने पाहिले. अमेरिकेत कोविडची लस घेतलेल्या गरोदर स्त्रियांची पहिली मोठी माहिती टॉम शिमाबुकुरो आणि सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केली. १४ डिसेंबर २०२० ते २८ फेब्रुवारी २०२१ या काळात लस घेतलेल्या आणि नोंदणी झालेल्या ३,९५८ जणींपैकी ८२७ जणींचे गर्भारपण संपले होते. त्यांत २० आठवड्यांच्या आतले गर्भपात १०४.

यावरून समाजमाध्यमांत एक हिशोब फिरू लागला. ८२७ पैकी ७०० जणींनी लस तिसऱ्या तिमाहीत घेतली होती. त्यांचा २० आठवड्यांच्या आत गर्भपात होणे शक्यच नव्हते. त्यांना वगळा. उरल्या १२७. त्यांतल्या १०४ जणींचा गर्भपात, म्हणजे ८२ टक्के. आकडा वाचून हजारो स्त्रिया हादरल्या.

चूक कुठे आहे, हे एका स्त्रीचा हिशोब मांडला की कळते. तिने आठव्या आठवड्यात लस घेतली, तीही अभ्यासाच्या पहिल्याच दिवशी. अभ्यासाचा काळ सुमारे अकरा आठवड्यांचा. तो संपला तेव्हा तिचा एकोणिसावा आठवडा चालू होता. तिचे गर्भारपण सुखरूप असेल, तर ते अजून चालूच आहे आणि ‘संपलेल्या’ गर्भारपणांच्या यादीत तिचे नाव नाही. त्या यादीत येण्याचा तिच्यासाठी एकच मार्ग होता: गर्भ गमावणे. म्हणजे १२७ च्या यादीत ज्यांचे वाईट झाले त्या जवळजवळ सगळ्या आल्या आणि ज्यांचे चांगले चालले होते त्या शेकडो जणी बाहेर राहिल्या. मूळ लेखातही १०४ ला ८२७ ने भागून १२.६ टक्के असा आकडा दिला होता, आणि तो भागाकारही योग्य नव्हता. नियतकालिकाला नंतर दुरुस्ती करावी लागली.

बरोबर पद्धत अशी की प्रत्येक आठवड्याला गर्भारपण चालू असलेल्या स्त्रिया किती आणि त्या आठवड्यात गर्भ गमावलेल्या किती, हे मोजत जायचे. त्याच वर्षी लॉरेन झौख आणि सहकाऱ्यांनी ते केले. गर्भधारणेच्या आसपास किंवा २० आठवड्यांच्या आत लस घेतलेल्या २,४५६ स्त्रियांचा त्यांनी पाठपुरावा केला. सहाव्या आठवड्यापासून विसाव्यापर्यंत गर्भपाताचा एकूण धोका १४.१ टक्के आला आणि वयाचा फरक विचारात घेतल्यावर १२.८ टक्के. लस नसतानाही गर्भपात साधारण याच प्रमाणात होतात.

मोजणी कुठून सुरू होते यानेही उत्तराची व्याप्ती ठरते. २००९ च्या साथीनंतर नॉर्वेत १,१७,३४७ गर्भारपणांचा अभ्यास झाला. फ्लूच्या लसीने गर्भमृत्यू वाढलेला दिसला नाही. फ्लूचे निदान झालेल्या स्त्रियांमध्ये मात्र त्याचा धोका जवळजवळ दुप्पट होता. निष्कर्ष मोलाचा आहे, पण त्या देशाची जन्मनोंदणी बाराव्या आठवड्यापासून सुरू होते. त्याआधीच्या गर्भपातांबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि प्रामाणिक वाचकाने त्याला तसे बोलायला लावूही नये.

खूण दिसली तर

नेमक्या व्याख्यांचा उपयोग फक्त लसींना निर्दोष ठरवण्यासाठी होतो, असा समज होऊ नये. त्यांनी धोक्याच्या खुणाही पकडल्या आहेत. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात ४८५ गर्भपात आणि तितकीच तुलनेची गर्भारपणे तपासली गेली. गर्भपात झालेल्या स्त्रियांनी आदल्या २८ दिवसांत फ्लूची लस घेतलेली असण्याची शक्यता दुप्पट दिसली, आणि ज्यांनी आदल्या हंगामातही एच१एन१ असलेली लस घेतली होती त्यांच्यात त्याहून बरीच जास्त. संशोधकांनी ते लपवले नाही, छापले. मग त्याच गटाने पुढच्या तीन हंगामांतल्या, संख्येने कितीतरी जास्त गर्भपातांचा अभ्यास केला. २०१९ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षात असा संबंध आढळला नाही. दोन्ही वेळी गर्भपाताची खात्री वैद्यकीय नोंदींतून केली होती आणि गर्भाचे वय सोनोग्राफीतून ठरवले होते, म्हणून दोन उत्तरे शेजारी ठेवून तोलता आली.

दुसरी खूण पुसली गेली नाही. आरएसव्ही हा विषाणू तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांना ग्रासतो. आईला लस देऊन बाळाला जन्मापासून संरक्षण द्यायचे, या हेतूने ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीच्या लसीची मोठी चाचणी चालू होती. लस घेतलेल्या गटात मुदतपूर्व जन्म जास्त दिसू लागले, तेव्हा फेब्रुवारी २०२२ मध्ये लस देणे थांबवले गेले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे: लस घेतलेल्या गटातली ६.८ टक्के बाळे मुदतपूर्व, दुसऱ्या गटातली ४.९ टक्के. ही वाढ प्रामुख्याने कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दिसली. कारण उलगडलेले नाही.

६.८ आणि ४.९ यांत फरक किती? शंभर बाळांमागे दोनहून कमी. कोणत्याही एका दवाखान्यात हा फरक कोणाच्या लक्षात आला नसता. मुदतपूर्व म्हणजे काय हे सगळीकडे एकच नसते, किंवा गर्भाचे वय दोन-तीन आठवड्यांच्या चुकीने मोजले असते, तर खरी खूण धुक्यात हरवली असती आणि लस कदाचित बाजारात आली असती. फायझरची याच विषाणूवरची लस २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, तेव्हा ती ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यानच द्यावी अशी मर्यादा घातली गेली. अगदी अपुऱ्या दिवसांच्या जन्माचा संभाव्य धोका टाळण्याची काळजी त्यामागे होती.

आपल्याकडच्या नोंदी

भारतात गरोदर स्त्रियांना कोविडची लस घेण्यास केंद्र सरकारने २ जुलै २०२१ रोजी परवानगी दिली. तोवर दुसरी लाट येऊन गेली होती. मुंबईच्या नायर रुग्णालयातून आणि राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतून उभ्या राहिलेल्या ‘प्रेगकोविड’ नोंदवहीने त्या लाटेत काय झाले ते दाखवले. कोविड झालेल्या गरोदर आणि बाळंत स्त्रियांतला मृत्युदर पहिल्या लाटेत ०.७ टक्के होता, तो दुसऱ्या लाटेत ५.७ टक्क्यांवर गेला. लसीचा धोका तोलताना दुसऱ्या पारड्यात आजाराचा धोका असतो, आणि तोही तितक्याच नेटाने मोजावा लागतो. साथ भरात असताना हे काम करणाऱ्या डॉक्टरांचे मोल मोठे आहे.

पण नोंदवही उभी राहते ती गावपातळीवरच्या कागदावर. माता व बाल संरक्षण कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख लिहायची जागा असते. ती आशाताईने बाईशेजारी बसून, सण आणि वार आठवायला मदत करून, जेवढी नेमकी लिहिता येईल तेवढी लिहिली, पहिल्या तीन महिन्यांत एक सोनोग्राफी झाली, आणि बाळ दगावले तर ठोके ऐकले होते का, हालचाल होती का आणि कोणी पाहिले, हे नर्सने दोन ओळींत टिपले, तर ती नोंद वरच्या पायरीवर जाते. ‘गर्भपात’ एवढाच शब्द आणि खाली सही असेल, तर जगातली कोणतीही समिती त्यातून काही शोधू शकत नाही.

हे कामही उपचाराइतकेच काळजीचे मानले गेले पाहिजे. त्यासाठी वेळ, प्रशिक्षण आणि पैसा लागतो, आणि आधीच नोंदवह्यांच्या ओझ्याखाली असलेल्या आशा आणि नर्सवर ते फुकट टाकून चालणार नाही. गरोदर स्त्रियांना चाचण्यांतून वगळून त्यांना सुरक्षित ठेवता येत नाही, हे गेल्या साठ वर्षांनी दाखवले आहे. त्यांना सामील करून घ्यायचे, तर त्यांच्या बाबतीत घडलेली प्रत्येक गोष्ट ठरलेल्या व्याख्येने आणि पुरेशा पुराव्यानिशी टिपण्याची हमी आधी द्यावी लागेल. बाळ गमावलेली आई ‘सुईमुळे झालं का?’ असे विचारते, तेव्हा ‘छे छे, तसं काही नसतं’ हे उत्तर तिला पुरत नाही, आणि ‘असेलही’ हे तर तिच्यावर अन्याय करणारे आहे. तिला मोजून काढलेले उत्तर मिळायला हवे, आणि ते देण्याची तयारी तिला सुई टोचण्याच्या कितीतरी आधी करावी लागते.